साठची अट

आक्का,

तुझा दहावा होऊन चार दिवस झाले. त्या दिवशी मी माइकवर बोललो. सूत्रसंचालकाने पाच मिनिटं दिली होती, मी बारा घेतली. आपल्याकडचे दहावे तुला ठाऊकच आहेत. प्रवचन आटोपलं की पुढाऱ्यांची रांग लागते. ज्याने तुला जन्मात पाहिलं नाही, तोही 'कधी न भरून येणारी पोकळी' म्हणून मोकळा होतो आणि पुढच्या दहाव्याला गाडी काढतो. तूच म्हणायचीस, "मेल्यालं सुटतं बाबा, ऱ्हायल्याल्यांचं हाल." तुझ्या वाट्यालाही तेच आलं. सगळ्यांत शेवटी कुटुंबाच्या वतीने माझं नाव पुकारलं, 'निवृत्त मुख्याध्यापक आणि कैलासवासी आक्कांचे धाकटे बंधू'.

मी म्हणालो, आक्काने मला चालायला शिकवलं. तिच्याच प्रेरणेने मी साता समुद्रापार जाऊन डोंगर चालून आलो. मग लोक कंटाळू नयेत म्हणून एक गंमत सांगितली. या आषाढात तू बेल्ह्याच्या बाजारातून अचानक माझ्या घरी राजुरीला आलीस, चहा घेतलास आणि बशी खाली ठेवता ठेवता विचारलंस, "बाळू, तुज्या शाळंत माजं नाव सापडंल का रं?" मी म्हणालो, आक्का, शाळेचं तोंड कधी बघितलं नाहीस, नाव कसं सापडेल? ते काय हरवलेलं कोकरू आहे? माइकवर मी हे तुझा आवाज काढून सांगितलं. मंडप हसला. दहाव्याच्या मंडपात एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. खाली उतरल्यावर एक जण हात धरून म्हणाला, "मास्तर, लई भारी बोलला राव."

माझ्या मागे तुझा फ्लेक्स होता. त्यातला फोटो मी आधी कधी पाहिला नव्हता. मागे पांढराशुभ्र पडदा, तू सरळ कॅमेऱ्यात बघतेयस, आणि तुझे दोन्ही कान उघडे. डोक्यावरचा पदर तू एवढा मागे सारलेला मी आयुष्यात पाहिला नाही. कुठला फोटो हा, असं मनात आलं, पण विचारायचं राहून गेलं.

त्या बारा मिनिटांत तुझ्याबद्दल जे बोललो ते खरं होतं. माझ्याबद्दलचं खोटं होतं. म्हणून पुन्हा बोलायला बसलोय. आता समोर मंडप नाही, हसायला कुणी नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी निवृत्त झालो. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, पण नकाशाबाहेर एकही परदेश पाहिला नव्हता. माझ्या शोभाच्या मनात होतं की आम्ही दोघांनी एकदा तरी परदेशी जावं, पण बसमधून उतरा, फोटो काढा, बसमध्ये चढा, असली सहल नको. पुण्यातल्या एका कंपनीच्या चालत फिरायच्या सहली असतात असं कळलं. बरोबर वाटाड्या, रोज ठरलेलं अंतर, रात्री गावात मुक्काम. तीन माहितीपत्रकं मागवली आणि आमचं घोडं तिथेच अडलं. शोभाला एक पसंत, मला दुसरं. शेवटी ती म्हणाली, "आक्कांना विचारू. चालण्यातलं त्यांच्याएवढं कुणाला कळतं?" ही शोभाची बुद्धी, माझी नव्हे, हे इथेच सांगून टाकतो.

लोणीला तुझ्या ओट्यावर ती तीन पत्रकं पसरून बसलो तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कंपनीने कठीणपणा दाखवायला बूट छापले होते. सोप्याला एक बूट, अवघडाला तीन. तू म्हणालीस, "बूट काय मोजतोस? चढ किती, उतार किती, ते सांग."

मी आकडे वाचले. पहिली सहल बर्फाच्या डोंगरांची. तिच्यात गाडीने वर नेऊन सोडायचे आणि दिवसभर उतरायचं.

"सोड ती," तू म्हणालीस. "चढ दम खातो, उतार गुडघं खातो. दम माघारी येतो, गुडघं येत न्हाईत."

दुसरी समुद्राच्या कडेकडेने. शोभाची आवडती. तू फोटो नीट बघितलास. "ग्वाड हाय. पर सात दिस वारं एकाच कानात भरंल. मंग बाळू एका बाजूनं भैरा व्हायचा, म्हंजी तुजं ऐकायचाच न्हाई." शोभा हसून हसून ओट्यावर आडवी झाली.

तिसरी इटलीतल्या डोंगरांमधली, मेंढपाळांच्या जुन्या वाटेची. पूर्वी तिथले मेंढपाळ थंडी आली की कळप घेऊन डोंगरातून सपाटीला उतरायचे आणि उन्हाळ्यात परत वर जायचे. ती वाट आता पर्यटकांसाठी राखलीय. मी हे वाचून दाखवलं तेव्हा तू ते पत्रक माझ्या हातातून घेतलंस. मग विचारलंस, "तितं बी बकरी हैत?" आपण मेंढरांना बकरी म्हणतो, ते शोभाला अजून विचित्र वाटतं. मी म्हणालो, थोडी आहेत.

"मंग हीच घे. बकऱ्यांची वाट कदी खोटं बोलत न्हाई. जितं पानी न्हाई तितनं ती जातच न्हाई."

सामान कोण नेतं, हे तू विचारलंस. मी म्हणालो, बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जातात. तुला हसू आवरेना. "म्हंजी घोडी म्होरं, मानसं मागनं. आमचंच की रं समदं!" खरंच होतं. चाळीस वर्षं तू तेच केलंस. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे आपली पाच-सहा बिऱ्हाडं आणि त्यांची मेंढरं, माळशेज उतरून कोकणात निघायचा. पुरुष मेंढरं चारत सावकाश यायचे. तू घोडीवर संसार लादून जवळच्या वाटेने पुढे जायचीस, आणि ते पोचेपर्यंत वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ठोकून चूल पेटवून बसलेली असायचीस.

आणि मग आपलं भांडण झालं. वाटाड्या सगळ्यांच्या पुढे चालतो असं पत्रकात होतं. तू म्हणालीस, ह्ये चुकीचं. वाट ठावं असलेलं माणूस मागे पाहिजे. पुढे कुणीही चालतं, पण थकलेलं, लंगडलेलं मागे राहतं आणि तेच चुकतं. मी मुख्याध्यापकाच्या थाटात म्हणालो, आक्का, नेता पुढेच असतो. तू म्हणालीस, "तुजी पोरं शाळंत रांगंनं चालायची, तवा तू म्होरं असायचास. मागची दोन चिंचा पाडाया जायची, ठावं हाय का तुला?" ते भांडण तसंच राहिलं. त्याचा निकाल मला पुढे लागला, पण तुला सांगितला नाही. तो सांगायला गेलो असतो तर बाकीचंही निघालं असतं.

कारण त्यानंतर लगेच तू म्हणालीस, "बाळू, मला बी ने की."

गमतीने म्हणाली नव्हतीस. हातातलं पत्रक तू उलटं धरलं होतंस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. उभ्या जन्मात तू माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मागायचं कसं असतं, हे तुला माहीत नव्हतं असंच तुझ्या तोंडावर दिसत होतं. शोभा "चला की!" म्हणायला तोंड उघडत होती, तेवढ्यात मी बोललो.

"आक्का, त्यात वयाची अट आहे. साठ."

एक क्षणही लागला नाही. तीस वर्षं पोरांच्या थापा पकडल्या, पण माझी थाप कशी निघाली ते मलाही कळलं नाही. शोभा माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, पत्रकात असेल कुठेतरी बारीक अक्षरात.

"माजं किती?" तू विचारलंस.

"आधारवर अडुसष्ट."

"त्या पोरानं माज्या तोंडाकडं बघून लिवलंय," तू म्हणालीस. "मला इचारलं बी न्हाई." मग पत्रक सरळ केलंस, घडी घातलीस आणि शोभाला म्हणालीस, "जावा तुमी. मला फोटू दावा." आणि चहा टाकायला आत गेलीस.

का बोललो मी तसं? चार दिवस स्वतःला विचारतोय. पहिलं उत्तर सोपं आहे आणि लाजिरवाणं आहे. मला तू तिथल्या जेवणाच्या टेबलावर दिसलीस. नऊवारी लुगडं, दाताला मशेरी, काटा-चमचा बाजूला सारून हाताने जेवणारी, अनोळखी माणसाला "कुन्या गावचं पावणं?" विचारणारी. गटात पुण्याचे डॉक्टर, प्राध्यापक असणार. ते तुला 'किती गोड' म्हणतील, तुझ्याबरोबर फोटो काढतील, आणि मग माझ्याकडे वळून बघतील. हे सगळं तुझं वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यात येऊन गेलं.

दुसरं उत्तर त्याहून वाईट आहे. तू त्या सगळ्यांच्या पुढे गेली असतीस. पहिल्याच चढाला त्यांना कळलं असतं की चालणारी ही आहे. अर्जात एक रकाना होता, चालण्याचा पूर्वानुभव. मी तिथे काय लिहिलं माहीत आहे? 'बालपणी सह्याद्रीतील घाटवाटांवरून दीर्घ पदभ्रमण.' पदभ्रमण! मी घोडीवर असायचो. डाव्या बाजूला भांडी, उजव्या बाजूला खुराड्यात कोंबड्या, मधे मी आणि माझ्या मांडीवर दोन दिवसांचं कोकरू. घाट उतरताना घोडीचा पाय सटकायचा, म्हणून तू अख्खा घाट माझी पोटरी घट्ट धरून शेजारून उतरायचीस. सोळा वर्षांचीही नव्हतीस तेव्हा. चाललीस तू, आणि अनुभव मी माझ्या नावावर लिहिला. तू बरोबर असतीस तर तो रकाना खोटा पडला असता.

मला घोडीवरून उतरवलंसही तूच. बहात्तरच्या दुष्काळात तुझं लग्न झालं, मी सात वर्षांचा होतो. तू आपल्या वडिलांना, आबांना म्हणालीस, "ह्यो चालायसाठी जल्माला आल्याला न्हाई. ह्येला बशिवला पायजे." सासूबाईंच्या हातापाया पडून मला लोणीत त्यांच्याजवळ ठेवलंस, शाळेत घातलंस. दर दिवाळीनंतर वाडा निघायचा, तू घोडीचा लगाम धरून वळणापर्यंत मागे बघत जायचीस आणि मी पाटी घेऊन ओट्यावर. माझी नोकरी, माझं घर, माझा 'सर' हा शब्द, सगळं त्या ओट्यावरून सुरू झालं. हे सगळं मी माइकवर सांगितलं.

पण माइकवर हे नाही सांगितलं, की मी राजुरीच्या शाळेत लागलो त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी तुझा वाडा शाळेवरून चालला होता आणि तू कुंपणावरून हाक मारलीस, "बाळू!" सगळा वर्ग खिडकीला लोंबकळला. शेजारच्या गुरुजींनी विचारलं, कोण हो? मी म्हणालो, आमच्या गावाकडची बाई आहे. त्या वर्षी मी नववीला ऋतूंप्रमाणे होणारं पशुपालकांचं स्थलांतर शिकवत होतो. बाहेर ते चाललं होतं आणि मी पोरांना फळ्याकडे बघायला सांगितलं. तू थोडा वेळ थांबलीस, मग घोडी ओढून निघून गेलीस. पुढच्या वर्षीपासून शाळेवरून जाताना तू हाक मारली नाहीस. आपण दोघंही त्याबद्दल कधी बोललो नाही.

गेल्या सप्टेंबरात आम्ही इटलीला गेलो. तू निवडलेली वाट सुरेख होती आक्का. दर दोन-अडीच तासांनी पाणी, अगदी तू म्हणाली होतीस तसं. उतार कमी. पहिले दोन दिवस आमचा वाटाड्या मार्को पुढे चालला. दुसऱ्या संध्याकाळी गटातली दोन माणसं मागे राहून भलत्याच वाटेला लागली आणि त्यांना शोधण्यात अंधार पडायची वेळ आली. तिसऱ्या दिवसापासून मार्को मागे. पुढे त्याने आमच्यातल्याच एकाला चालायला सांगितलं. मला इतकं हसू आलं की शोभाने विचारलं, काय झालं? तिला सांगितलं. ती म्हणाली, आत्ता आक्कांना फोन लावा. मी म्हणालो, इथे रेंज नाही. रेंज होती.

चौथ्या दिवशी एक खरा मेंढपाळ भेटला. म्हातारा, एकटा, काठीवर हनुवटी टेकून उभा. शंभरेक मेंढरं, दोन पांढरी कुत्री. गटातल्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. मार्कोने विचारलं, तुमच्या देशात आहे का असं काही? सगळे माझ्याकडे वळले, कारण मी भूगोलाचा. मी पाच मिनिटं बोललो. आमच्या जिल्ह्याच्या पूर्व भागात पाऊस कमी, तिथले काही लोक पावसाळ्यानंतर कळप घेऊन कोकणात उतरतात, वगैरे. प्रभाताई म्हणून पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या, त्या म्हणाल्या, "किती छान माहिती आहे हो तुम्हाला!" मी मान लववली.

शोभा उरलेला दिवस मला सोडून मार्कोबरोबर मागे चालली. मुक्कामाला बूट काढताना म्हणाली, "आक्का 'काही लोक' झाल्या होय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. अट नव्हती हेही. तसं तिला ते आधीच कळलं होतं, कारण प्रभाताई आमच्याच शेजारच्या खोलीत होत्या आणि तुझ्यापेक्षाही मोठ्या होत्या. पांढरे शुभ्र केस, गुडघ्याला पट्टा, आणि चालायच्या आपल्या टुकूटुकू, मार्कोच्या बरोबरीने मागे. शोभाने मला एवढंच म्हटलं की घरी गेल्यावर आक्कांना खरं सांगा, पुढच्या वर्षी त्यांना घेऊन जाऊ. मी हो म्हणालो.

घरी आल्यावर लोणीला आलो. तू फोटो एकेक करून बघितलेस. डोंगर, मेंढरं, म्हातारा. त्याच्या काठीकडे बघून म्हणालीस, "ह्येची काठी आपल्यापरास ल्हान हाय." मग गटाचा फोटो आला. तू बोट ठेवलंस.

"ही पांढऱ्या केसांची बाई कोन?"

हीच वेळ होती. शोभाने मुद्दाम उठून आतून पाणी आणायचं निमित्त काढलं, मला मोकळं व्हावं म्हणून. मी म्हणालो, "प्रभाताई. प्रोफेसर होत्या."

"किती वय असंल?"

"असेल अठ्ठावन्न."

"बाया!" तू म्हणालीस. "केस लौकर पिकलं बिचारीचं." आणि पुढचा फोटो बघायला लागलीस. मी सुटलो असं मला वाटलं. तू काही संशय घेतला नाहीस. मास्तर खोटं कशाला बोलेल?

त्यानंतर एक वर्ष गेलं. दिवाळीनंतर वाडा निघाला तेव्हा तू नेहमीसारखी माळशेजच्या माथ्यापर्यंत गेलीस आणि सुनेच्या हाती घोडी देऊन माघारी फिरलीस. शोभा अधूनमधून विचारायची, सांगितलं का? मी म्हणायचो, सांगतो, घाई काय आहे. आषाढात तू राजुरीला आलीस, शाळेत तुझं नाव सापडेल का विचारलंस, मी विनोद केला. तू म्हणालीस, "न्हाई, आसंच इचारलं." शोभा देवळात गेली होती. तिच्यासाठी थांब म्हणालो, तर म्हणालीस, तुझा लेक संतोष टेम्पो घेऊन फाट्यावर उभा आहे. आणि आता नवरात्र संपल्यावर एका सकाळी वाघूर सोडवताना तू खाली बसलीस ती उठलीच नाहीस. संतोषचा फोन आला तेव्हा मी पुढच्या वर्षीच्या सहलींची पत्रकं चाळत होतो. हेही लिहून ठेवतो.

दहाव्याची जेवणं झाल्यावर मंडपवाले सतरंज्या गुंडाळत होते आणि मी संतोषबरोबर ओट्यावर बसलो होतो. तुझ्या लेकाला तू घडवलंयस चांगलं. आईचा दहावा, पण पंगतीत कुणाला काय कमी पडलं हे तोच बघत होता. तो म्हणाला, "मामा, ते शाळंचं तुमी माइकवर सांगितलं ना, आईनं उगा न्हवतं इचारलं."

मी विचारलं, मग?

"आधार सेंटरवाला म्हनला व्हता, आजी, वय बदलायचं तर शाळा सोडल्याचा दाखला आना. म्हनून ती तुमच्याकडं आल्ती."

"वय कशाला बदलायचं होतं तिला?"

"तुमच्या त्या सहलीत साठची अट हाय ना." तो सहज बोलत होता, जणू मला हे ठाऊकच असणार. "उन्हाळ्यापासनं तीनदा गेली बेल्ह्याला. मी बाजारात बकरी इकाया गेलो की ती टेम्पोत बसून सेंटरवर. मी म्हनलं, मामाला सांगू, त्ये करत्याल कायतरी. तर म्हनली, नको, आदी कागद हातात येऊ दे. कागद बघितल्यावर त्यो न्हाई म्हननार न्हाई."

मी विचारलं, किती करायचं होतं वय?

"अठ्ठावन. सेंटरवाला बी हसला. म्हनला, अठ्ठावनच का वो आजी? तर म्हनली, आमच्या बाळूच्या फोटूत एक पांढऱ्या केसांची बाई हाय, तिच्याएवढं कर." संतोष हसला आणि डोळे पुसले. "मी म्हनलं, आये, मामापरास ल्हान व्हशील की. तर म्हनली, मंग बरंच हाय. या खेपंला त्यो मला घोडीवर बसवंल."

फ्लेक्स सोडवून दोघांनी ओट्याला टेकवून ठेवला होता. तुझे कान उघडे, तू माझ्याकडे बघतेयस. संतोषने माझी नजर बघितली. "ह्यो बी तवाचाच. पासपोर्टला लागतोय म्हनून बेल्ह्यात काढला. कान दिसाया पायजेत म्हनला फोटूवाला, तर लई लाजली."

मग तो म्हणाला, "पर मामा, असली अट कशाला ठिवत्यात वो? आईनं समद्यांना मागं टाकलं असतं."

आणि मी, आक्का, तुझा दहावा झाल्यावर, तुझ्या ओट्यावर बसून, तुझ्या लेकाला म्हणालो, "असतात त्यांचे काहीतरी नियम."

त्या मंडपात मी तुझा आवाज काढून शंभर माणसं हसवली होती. तू दाखला मागायला आली होतीस आणि मी तुझी चेष्टा केली. मला वाटत होतं तू साधी, भाबडी. माझा शब्द खरा मानून तू कागद बदलायला निघाली होतीस, माझ्यापर्यंत पोचायला स्वतःची दहा-अकरा वर्षं कमी करत होतीस. मी तुझं नाव शाळेत शोधलं असतं तरी सापडलं नसतं. पण मी 'का गं?' एवढं विचारलं असतं, तर तू सांगितलं असतंस. तो एक शब्द मला सुचला नाही.

तीन दिवस जेवण गेलं नाही. काल शोभा म्हणाली, "निदान संतोषला तरी सांगा." म्हणून आज सकाळी एसटीने लोणीला गेलो. तो शेतात वाघूर सोडवत होता, जिथे तू बसलीस त्याच कोपऱ्यापासून. मी उभ्याउभ्या सांगितलं. अट नव्हती. मीच बोललो होतो. मला लाज वाटली होती तिची. हे शेवटचं वाक्य तोंडातून काढायला मला खूप वेळ लागला, आणि त्याने मला मदत केली नाही, ते बरंच झालं.

तो जाळीची गाठ सोडवत राहिला. एक सुटली, दुसरी सुटली. मेंढरं फटीतून बाहेर पडायला लागली तशी त्याने ती बाजूला उभं राहून जाऊ दिली. सगळी बाहेर पडल्यावर म्हणाला, "आईला म्हाईत न्हवतं ते बरं झालं."

मग काठी उचलली आणि मेंढरांच्या मागोमाग गेला. चहा घ्या म्हणाला नाही. मी बांधावर बराच वेळ थांबलो आणि मग फाट्यावर येऊन एसटी पकडली.

तो म्हणाला ते त्याच्या जागी ठीक असेल. मला ते बरं वाटत नाही. तुला कळायला हवं होतं. तू काठी उगारली असतीस, शोभाला बोलावून माझी लक्तरं काढली असतीस, वर्षभर माझ्या घरचं पाणी प्यायली नसतीस, आणि मग एक दिवस येऊन म्हणाली असतीस, आता कदी जायाचं सांग. यातलं काहीही चाललं असतं. तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस, तेवढं मात्र सोसत नाही.

म्हणून तुझ्यापुरतं इथे लिहून ठेवतो. साठची अट नव्हती. पन्नासचीही नव्हती, ऐंशीचीही नव्हती. अर्जात वयाचा रकाना होता, त्यात फक्त आकडा लिहायचा होता. आणि त्या फोटोतल्या पांढऱ्या केसांच्या प्रभाताई अठ्ठावन्नच्या नव्हत्या, आक्का. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

तुझा,
बाळू